तळव्याखालचं गवत

रक्त पहिल्यांदा विशालला दिसलं. कृष्णनाथ तळीच्या वळणाशी उकिडवा बसला होता. केरीच्या त्या बंगल्यामागच्या स्विमिंग पूलला मालकीण सायलीबाई पूल म्हणत, विशाल टाकी म्हणे, आणि कृष्णनाथच्या तोंडात देवळापुढच्या तळीचा शब्द लहानपणापासून बसलेला, म्हणून तो तळीच म्हणायचा. प्लास्टिकच्या गवताची गुंडाळी उलटी टाकून, तिच्या काळ्या पाठीवर शिवणीच्या दोन ओळींमधून तो कटर ओढत होता. सरळ कापणं कुणालाही जमतं. वळणावर मात्र डाव्या हाताचं बोट पुढे चालवत शिवण चाचपावी लागते आणि पातं त्या बोटाच्या मागून न्यावं लागतं, म्हणून वळणं नेहमी त्याच्याकडे यायची. "काकानू, रगात!" विशाल ओरडला तेव्हा कृष्णनाथने आधी विशालकडेच पाहिलं, याला कुठे लागलं म्हणून. मग विशालच्या नजरेमागून त्याची नजर खाली आली. काळ्या पाठीवर रक्त नुसतं ओलसर दिसत होतं. पण कडेला गुंडाळी उलटून जिथे हिरवं वर आलं होतं, तिथे ते लालभडक होतं. पातं त्याच्या डाव्या तर्जनीत रुतलं होतं, आणि उजवा हात ते अजूनही ओढत होता.

"हात बगा तुमचो, हात!" विशालने धावत येऊन कटर काढून घेतला. बांद्याकडचा हा गडी, दोन लेकरांचा बाप. पण रक्त बघून त्याचेच ओठ पांढरे पडले होते. कृष्णनाथने कमरेचा पंचा सोडून बोटाला गुंडाळला आणि "कायच ना रे," म्हणाला. आणि थांबला. जखम झाल्यावर दुखणं यायला थोडा वेळ लागतो, एवढं त्याला ठाऊक होतं. खाणीवर असताना टिपर ट्रकच्या दारात अंगठा सापडला होता तेव्हाही आधी नुसती शांतता होती, मग कळ आली ती थेट काखेपर्यंत. तो आताही तशीच वाट बघत बसला. पंचा भिजला. पलीकडे तळीचं पाणी निळ्या फरश्यांवर हलत होतं, टेकडीवरून काजूच्या बोंडांचा आंबूस वास येत होता, बंगल्यात कुठेतरी मिक्सर फिरून थांबला. दुखणं आलं नाही. परक्या माणसाच्या बोटाकडे बघावं तसा तो पंच्याच्या त्या लाल गाठीकडे बघत राहिला.

सुरुवात मुंग्यांपासून झाली होती. बोटांच्या टोकांना रात्रंदिवस मुंग्या, मग मुंग्या गेल्या आणि त्याला वाटलं, बरं झालं, उतार पडला. मग एका सकाळी दारात पोदेर, पाववाला, आला. त्याच्या टोपलीतून कृष्णनाथने उंडे, गोल पाव, उचलले आणि त्याच्यावरच डाफरला, कालचे शिळे आणून देतोस काय रे म्हणून. पोदेर गोंधळून गेला. मागून कमल आली, नवऱ्याच्या हातातला एक उंडा घेऊन तिने मधोमध फोडला. आतून वाफ निघाली. पोदेर भोंगा वाजवत पुढच्या दाराला गेला. त्यानंतर डिचोलीला जाऊन तो एकटाच डॉक्टरला दाखवून आला. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. म्हणाला, साखर तुम्हाला बरीच वर्षं असणार, कळली नाही एवढंच. नसा सुकल्यात. गोळ्या घ्या, पथ्य करा, पुढचं थांबलं तर थांबेल. आणि गेलेलं? कृष्णनाथने विचारलं. गेलेलं परत येत नाही, डॉक्टर म्हणाला, आणि मग खाली बघून, बूट काढा जरा, पाय तपासू. पाय बरे आहेत, कृष्णनाथ म्हणाला. एकदा बघू तरी. बरे आहेत हो, म्हणत तो उठलाच. बाहेर बसस्टँडवर उभा राहून त्याने बुटाच्या आत पायाची बोटं हलवून पाहिली. हलली. हलतात म्हणजे आहेत, असं त्याने त्या दिवशी ठरवून टाकलं आणि घरी येऊन कमलला सांगितलं, डॉक्टर म्हणाला अशक्तपणा आहे.

पायांची त्याला गरज होती. हात काय, हात बघून चालवता येतात. शर्टाचं बुताव लावताना बघायचं, भात कालवताना बघायचं, कटर धरताना बघायचं. आज वळणावर एक क्षण नजर पाण्याकडे गेली म्हणून हे झालं. पण पाय हे त्याचं खरं भांडवल होतं. उमेदीची सगळी वर्षं त्याने डिचोलीच्या खाणीवरून आमोण्याच्या धक्क्यापर्यंत टिपर हाकला होता. खनिजाने काठोकाठ भरलेला टिपर चढणीवर थांबवून पुन्हा उचलायचा म्हणजे डाव्या पायाचा खेळ. क्लच वर सोडता सोडता एक जागा येते, तिथे गाडी म्हशीसारखी अंग थरथरवते. ती जागा डोळ्यांना दिसत नाही, कानाला जरा उशिराच कळते. ती तळव्याला कळते. धक्क्यावर माल बार्जमध्ये पडायचा, बार्ज मांडवीतून मुरगावला जायची, आणि तिथून पुढे जहाज कुठल्या देशाला जातं त्याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. संध्याकाळी तो घरी यायचा तो डोक्यापासून पायापर्यंत तांबडा. कमल मोरीत त्याचे कपडे पिळायची तेव्हा तांबडं पाणी अंगणातून वाहत माडाच्या अळ्यात जायचं. खाणी बंद पडल्या आणि मोरीतलं पाणी पांढरं वाहू लागलं. पहिले काही दिवस ती खूश होती. मग एकदा कपडे पिळता पिळता तिने त्या पांढऱ्या पाण्याकडे बघून डोळ्याला पदर लावलेला त्याने खिडकीतून पाहिला होता.

आता खाणी पुन्हा सुरू होत होत्या. वर्षानुवर्षं नुसत्या अफवा उठायच्या आणि बसायच्या, पण या वेळी रस्त्यावर खरोखरच ताडपत्री घातलेले टिपर दिसू लागले होते. शांताराम, त्याचा जुना जोडीदार, पहिल्याच फेरीत लागला होता. परवाच त्याचा फोन आला. "सोमवारी ये. जुने डायवर विचारतायत, चढणीवर गाडी काढून दाखवायची, बस. तुझं नाव मी सांगून ठेवलंय." त्या रात्री कृष्णनाथ अंथरुणावर पडल्या पडल्या डावा पाय हवेत हळूहळू सोडून बघत होता. कमल कुशीवर वळून म्हणाली, "काय करतात ह्या?" तो म्हणाला, "गाडी काढतंय." दोघंही हसली होती. किती दिवसांनी हसली होती.

गौरेश बाजारातून डिंकाचे डबे घेऊन आला तेव्हा विशालने त्याला सगळं सांगितलंच. गौरेश त्यांचा ठेकेदार. कृष्णनाथच्याच वाड्यावर वाढलेला, त्याच्या टिपरच्या केबिनमध्ये बसून शाळेत गेलेला. "काका, सावळेत बसा. डॉक्टरकडे जावया." कृष्णनाथने मान हलवली. "पट्टी बांधली मरे. काम आज पुरं करून टाकूया, बाईंचे पाहुणे येतले." गौरेशला घाई होतीच, त्याने डबे खाली ठेवले. पहिल्या दिवशी त्यांनी इथलं खरं गवत काढलं होतं. सायलीबाईंनी ते फार हौसेने लावून घेतलं होतं. पुण्याहून इथे येऊन घर बांधलं, मागे तळी खणली, तळीभोवती हिरवळ. पण तळीच्या क्लोरीनच्या पाण्याने ती कडेकडेने जळाली आणि मागच्या पावसात राहिलेलीचा चिखल झाला. पाहुणे चिखलाच्या पायांनी पाण्यात उतरायचे. फावड्याने त्या हिरवळीचे तुकडे उपसताना खालून गांडुळं निघाली होती, पांढरी मुळं निघाली होती, आणि मातीचा असा एक गार वास आला होता की कृष्णनाथने एक ढेकूळ हातात घेऊन चुरलं. डोळ्यांनी पाहिलं की ते चुरतंय. मग खडी पडली, खडीवर बारीक चुरी, चुरीवर कापड, आणि आता हे. वळणाचा उरलेला तुकडा विशालने कापला. थोडा वाकडा गेला. कृष्णनाथने पाहिलं आणि पुढची गुंडाळी सोडायला घेतली.

दुपार डोक्यावर आली तेव्हा गवत सगळं अंथरून, चिकटवून झालं होतं. आता त्यावर वाळू पसरून ती झाडूने पात्यांच्या मुळाशी बसवायची होती, म्हणजे गवत ताठ उभं राहतं. त्यासाठी वहाणा काढाव्या लागतात, मळ लागतो म्हणून. कृष्णनाथने बूट काढून फरशीवर ठेवले आणि झाडू घेतला. झाडू दोन्ही मुठींत धरायचा असतो, त्याला बोटं लागत नाहीत. विशाल नळावर पाणी प्यायला गेला होता. झाडू पुढे जायचा, पाती झोपायची, परत यायचा, पाती उठायची. त्या लयीत त्याला बरं वाटू लागलं. त्याला आमोण्याची खाजनशेती आठवली, आजोळची. नदीचं खारं पाणी बांधाने अडवलेलं, आत गुडघाभर चिखल. आई लावणी करायची आणि तो तिच्या मागून पाय ओढत चालायचा. चिखल बोटांच्या फटीतून वर यायचा, गार, गुळगुळीत, आणि मधूनच एखादा शिंपला टोचायचा. बांधावरचं गवत वेगळंच, धारेचं. त्याच्यावरून पळालं की घोट्यांवर बारीक रेघा उठायच्या आणि खारं पाणी लागलं की त्या झोंबायच्या. झोंबण्याची त्याला तेव्हा गंमत वाटायची. ओरडत ओरडत तो पुन्हा त्याच पाण्यात जायचा.

"वा, किती सुंदर दिसतंय!" सायलीबाई मागच्या दारातून बाहेर आल्या. सपाता त्यांनी दारातच काढल्या, गवत पायांनी बघायचं म्हणून. पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि "आई गं!" करत त्या उडी मारून फरशीवर परत गेल्या. एका पायावर उभं राहून दुसऱ्याचा तळवा त्यांनी हातात धरला. "अहो, हे तर तव्यासारखं तापलंय!" गौरेश धावत आला. "म्याडम, दुपारची जरा गरम जाता. पाणी मारलं की थंड." पण सायलीबाईंचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. त्या कृष्णनाथच्या पायांकडे बघत होत्या. "तुम्हाला भाजत नाही का हो?"

तो हिरवळीच्या मधोमध अनवाणी उभा होता. किती वेळ उभा होता, त्याला सांगता आलं नसतं. विशाल नळावरून हसत म्हणाला, "काकांचे पाय खाणीवरचे, लोखंडाचे!" आणि कुणी हसलं नाही तसा तोही थांबला. कृष्णनाथ हलला नाही. हललो तर कबूल केल्यासारखं होईल असं त्याला वाटलं. त्याने तळव्यांकडे सगळं ध्यान लावलं, जसा माणूस पलीकडच्या खोलीतला आवाज ऐकायला कान लावतो तसं. खाली काहीच नव्हतं. गवत नव्हतं, वाळू नव्हती, ऊन नव्हतं. पोटऱ्यांपर्यंत तो होता आणि तिथून खाली जणू कुणीतरी दोन लाकडं ठोकून त्याला उभा केला होता. किती दिवस हे असं चाललंय? बुटांच्या आत हे कधी झालं? बसस्टँडवर बोटं हलली होती. हललेली आपल्याला कळली होती की हलली असतील असं आपण धरून चाललो होतो?

"मऊ आहे बाई," तो म्हणाला. काहीतरी बोलायला हवं होतं. "एकदम खऱ्यासारखं."

झाडू खाली ठेवून तो सावकाश तळीच्या कडेपर्यंत चालत गेला, बसला आणि त्याने दोन्ही पाय पाण्यात सोडले. पाण्याचा गारवा त्याला घोट्याच्या बराच वर लागला, पोटरीभोवती बांधलेल्या दोऱ्यासारखा. त्या दोऱ्याखाली निळ्या पाण्यात त्याचे पाय दिसत होते, हलत होते, मोठे दिसत होते. त्याने ते वर काढून तळवे बघितले. कातडी ठिकठिकाणी फुगली होती, उजव्या टाचेवर फोड फुटून लोंबत होता. सायलीबाईंनी "अरे देवा" म्हणून तोंडावर हात ठेवला आणि मलम आणायला आत पळाल्या. गौरेश त्याच्या बाजूला येऊन बसला.

"काका, तुमका कळूंक ना?"

"ना."

"बोटाचं पण?"

"ना रे."

गौरेशने पाण्यात पडलेलं एक पान उचललं, झटकलं. "फाल्यांपासून तुम्ही फक्त सांगायचं, विशाल कापतलो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात माया होती, आणि दोघांनाही ठाऊक होतं की नुसतं सांगायला वेगळा पगारी माणूस लागत नाही. मग वर न बघता, "आणि खाणीवर, काका? सोमवारी?"

त्या प्रश्नाचं उत्तर कृष्णनाथ मघापासून मनात घोळवतच होता. हात बघून चालवतो, तसे पाय बघून चालवता येतील. चढणीवर थांबायचं, खाली बघायचं, क्लच कुठवर वर आलाय ते बघायचं, मग सोडायचा. पहिल्या दिवशी जमेलही. पण खाली बघायचं तर वर कोण बघणार? त्या रस्त्यावर शाळा सुटते. त्या रस्त्यावर बायका डोक्यावर गवताचे भारे घेऊन कडेकडेने चालतात, आणि भरल्या टिपरला ब्रेक लागला की नाही हे पाय सांगतो, डोळा सांगेपर्यंत सगळं झालेलं असतं. ज्याला भाजल्याचं कळत नाही, त्याला चिरडल्याचं तरी काय कळणार, असा एक विचार त्याच्या मनात आला आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. "जायना," तो म्हणाला. गौरेशने एवढंच ऐकलं आणि पान पुन्हा पाण्यात सोडून दिलं.

परतताना तो गौरेशच्या पिकअपमध्ये पुढे बसला, पायांना सायलीबाईंनी बांधलेल्या पांढऱ्या पट्ट्या, बूट मांडीवर. पेडणे मागे पडलं, विमानतळाचा नवा रस्ता आला आणि गेला. विशाल मध्येच बांद्याची बस धरायला उतरला. उतरताना त्याने कृष्णनाथच्या खांद्याला हात लावला, आणि तो हात मात्र कृष्णनाथला लख्ख कळला, त्याचा दाब, त्याची ऊब. खांदे अजून होते. किती दिवस, कोण जाणे. अस्नोड्याजवळ समोरून रिकाम्या टिपरांची रांग आली. गौरेशने गाडी बाजूला घेऊन वाट दिली. प्रत्येक टिपर वळणावर गिअर उतरवत होता आणि प्रत्येकाच्या आवाजाबरोबर कृष्णनाथचा डावा गुडघा आपोआप किंचित वर येत होता. रांग संपल्यावर त्याने फोन काढला, नंबर बघून बघून दाबला आणि शांतारामला सांगितलं की सोमवारी येत नाही.

"येत नाही म्हणजे? गाढवा, रोज फोन करून तूच माझा जीव खायचास!"

"इथलं काम बरं आहे रे. सावलीतलं आहे."

"गवत चिकटवायचं?"

"हो."

पलीकडे शांताराम "तुझी मर्जी," म्हणाला, आणि आवाजावरून कळलं की तो दुखावलाय. त्याने शब्द टाकला होता. खरं सांगितलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं, पण तो दुखावला नसता. कृष्णनाथने फोन खिशात ठेवला. खरं सांगायला त्याच्याकडे तोंड होतं, पण त्या टिपरवाल्यांच्यात उद्या ते चहाच्या गाड्यावर बोललं जाईल, कृष्णनाथचे पाय गेले म्हणून, आणि तो तिथून जाईल तेव्हा सगळे आधी त्याच्या पायांकडे बघतील. त्यापेक्षा ते त्याला मस्तवाल म्हणोत.

घरी पोचला तेव्हा दिवस कलला होता. ओसरीवर कमल इस्त्री करत होती. त्याचा जुना खाकी शर्ट. पेटीतून काढून, धुऊन, वाळवून तिने तो कडक केला होता. "इलात?" तिने मान वर न करता विचारलं. "बगा, बुतावा नवी लावलंय. सोमवारी ह्योच घाला." मग तिने मान वर केली. पट्ट्या पाहिल्या, गौरेशच्या खांद्यावर टेकलेला हात पाहिला. इस्त्री उभी करून ठेवायला ती विसरली नाही, एवढं त्याच्या लक्षात राहिलं.

गौरेश गेल्यावर त्याने सगळं सांगितलं. डॉक्टरचं सांगितलं, बोटाचं सांगितलं, तव्यासारखं गवत आणि त्यावर उभा असलेला तो, आणि शेवटी शांतारामचा फोन. सांगताना तो ओसरीच्या बाकावर बसला होता आणि ती खाली, त्याच्या पायांशी, पट्टी नीट गुंडाळत. ती रडली नाही. एकदा फक्त म्हणाली, "माका म्हायत होता. हातांचा. तुमच्या ताटातलो मासो मी कधीपासून काटे काढून वाढतंय." त्याला हे कधीच जाणवलं नव्हतं. इतके दिवस तो बिनकाट्याचा मासा खात होता आणि मनात म्हणत होता, अजून आपली बोटं एवढं तरी करतात. "पण पाय?" ती म्हणाली. "पाय पण?" आणि ती उठून त्याच्या शेजारी बाकावर बसली. समोर शर्ट अर्धा इस्त्री होऊन पडला होता, एक बाही गुळगुळीत, एक चुरगळलेली. तिने त्याचा उजवा हात उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो बघत होता म्हणून त्याला कळलं. तिची बोटं त्याच्या बोटांत गुंतली, आवळली. नखं पांढरी होईपर्यंत आवळली. तो त्या तीन हातांकडे, म्हणजे तिच्या दोन आणि आपल्या त्या एका हाताकडे, टक लावून बघत राहिला.

तेवढ्यात वीज गेली. ओसरीतला दिवा, शेजारच्यांचा टीव्ही, खालच्या वाटेवरचा खांब, सगळं एकदम विझलं आणि तिन्हीसांजेचा उरलासुरला उजेडही माडांमागे बुडाला. कृष्णनाथ हलला नाही. आपण जरासे हललो तर तिचा हात सुटेल, आणि सुटला तर आपल्याला कळणार नाही, म्हणून तो दंडातून, खांद्यातून, हात जसा होता तसा धरून बसला. अंधारात त्याला जरा बरंच वाटलं. बोलायची गरज नव्हती. रातकिड्यांचा आवाज वाढला, कुठेतरी कुत्रं भुंकलं, आणि तो तिचा हात धरून बसला होता.

"काड्येपेटी खंय ठेवलात ओ?" कमलचा आवाज आतून, पार स्वयंपाकघरातून आला.

त्याने आवाजाच्या दिशेला मान वळवली. "देवाकडे बघ," तो म्हणाला, आणि ती मेणबत्ती घेऊन येईपर्यंत हात तसाच उचलून धरून बसला.